आधी आगोर मोजा, मग इमारत आखा

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जोधपूर परिसरात गेल्या पंधरा वर्षांत उभ्या राहिलेल्या शिक्षणसंस्थांविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. लेखकाने मेहनत घेतली आहे आणि त्यांच्या कौतुकाच्या सुराबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती एका शब्दाबद्दल. लेखात जमिनीचा उल्लेख जिथे जिथे येतो तिथे तिथे ती ‘ओसाड’ आहे, आणि छायाचित्राखालच्या ओळीत तर काटेरी झुडपांशिवाय तेथे काहीच नव्हते, असे सांगितले आहे. त्या छायाचित्रात डाव्या बाजूला जे काटेरी झुडूप दिसते ते खेजडीचे झाड आहे. खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्याला सीमेवर जाऊन आपण जिची पूजा करतो तीच शमी मारवाडात उन्हाळ्यात पाने आणि शेंगा देऊन शेळ्या-उंट जगवते, आणि तिच्या कोवळ्या शेंगांची म्हणजे सांगरीची भाजी तिथल्या लग्नाच्या पंगतीत मानाने वाढली जाते. अशा झाडाच्या छायाचित्राखाली ‘काहीच नाही’ असे छापले जावे, याचे वाईट वाटले म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते लांबणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

मी सोलापूर जिल्ह्यात भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून ३१ वर्षे नोकरी केली. टिपण, गुणाकार, आकारफोड ही मोजणीची कागदपत्रे आणि हद्दीचे दगड यांतच आयुष्य गेले, त्यामुळे जमिनीच्या बाबतीत नोंद काय आहे हे आधी पाहण्याची सवय लागली आहे. माझी धाकटी मुलगी दोन वर्षे जोधपूरच्या आयआयटीत शिकत होती आणि त्या निमित्ताने मी तिकडे दोनदा राहून आलो, एकदा पौषात आणि एकदा ऐन ज्येष्ठात. दुसऱ्या खेपेस शेजारच्या गावातल्या एका वृद्ध पशुपालकाने मला त्यांच्या गावची जमाबंदी दाखवली. आपल्याकडे सातबारा तशी तिकडे जमाबंदी. तिच्यात लागवडीस न येणाऱ्या जमिनीपुढे ‘गैर मुमकिन’ असा शेरा असतो, म्हणजे जिथे पीक संभवत नाही ती जमीन. पण शेरा तेवढ्यावर संपत नाही. गैर मुमकिन रस्ता, गैर मुमकिन नाडी, गैर मुमकिन आगोर, गैर मुमकिन ओरण, असे पुढे लिहिलेले असते. जमिनीचे खरे काम या पुढच्या शब्दात सांगितलेले असते, आणि शहरातून येणारा माणूस पहिले दोनच शब्द वाचून पुढे जातो, हा या विषयातला मूळ घोटाळा आहे असे माझे मत झाले आहे.

नाडी म्हणजे गावतळे. आगोर म्हणजे त्या तळ्याला पाणी पुरवणारा उताराचा पट्टा. जोधपूरला वर्षाला सरासरी ३६० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, जैसलमेरकडे त्याहूनही पुष्कळ कमी, आणि तोही मोजक्या दिवसांत कोसळतो. तेवढ्या सरींचे पाणी मातीत न जिरता तळ्यापर्यंत वाहत यावे म्हणून आगोराची जमीन घट्ट आणि उघडी ठेवलेली असते. तिथे नांगर लावायचा नाही, खड्डा खणायचा नाही, घाण करायची नाही, आणि पावसाळ्याआधी गावाने मिळून ती साफ करायची, असा दंडक पिढ्यान्‌पिढ्या पाळला जातो. म्हणजे ज्या उघड्याबोडक्या जमिनीकडे पाहून आपण ‘ओसाड’ म्हणतो, ती कित्येकदा माणसांनी कष्टाने तशी राखलेली असते. तिच्यावर एखादी संरक्षक भिंत आडवी घातली की भिंतीच्या आतल्या माणसाला काही कळत नाही, आणि दोन कोसांवरच्या गावाची नाडी मात्र त्या वर्षीपासून कोरडी पडते.

ओरण हा आणखी वेगळा प्रकार. देवाच्या नावाने सोडलेले रान, हा अर्थ घेतला तर आपल्या देवराईचे हे मरुभूमीतले भावंड म्हणता येईल. पण आपली देवराई म्हणजे बहुधा दोन-चार एकरांतली गर्द झाडी, तर ओरण काही ठिकाणी हजारो बिघ्यांवर पसरलेले गवताळ, विरळ झाडांचे रान. पाबूजी, तेजाजी, करणी माता अशा लोकदेवतांच्या नावाने ती राखलेली आहेत. राजस्थानात अशी साधारण २५ हजार ओरणे असून त्यांचे क्षेत्र सहा लाख हेक्टरांच्या घरात जाते, असा अंदाज सांगितला जातो. ओरणात कुऱ्हाड चालत नाही, वाळून पडलेले लाकूड हाताने वेचता येते, गुरे चारता येतात. मला मोजणीवाल्याला सर्वांत नवल वाटले ते त्यांच्या हद्दीचे. काही ओरणांची हद्द गावकऱ्यांनी चालत जाऊन, दुधाची नाहीतर गंगाजलाची धार धरून आखलेली आहे. दूध तर केव्हाच वाळून गेले, पण ती रेघ कुठून जाते हे गावातली शेळ्या वळणारी पोरेही सांगतात. आम्ही पुरलेले दगड मात्र दहा वर्षांत बांधावरून नाहीसे होतात, हेही जाता जाता कबूल करतो.

या ओरणांपैकी पुष्कळांची नोंद महसुली दप्तरात ओरण म्हणून झालेलीच नाही. संस्थाने विलीन झाल्यावर जमिनीच्या नोंदी नव्याने झाल्या तेव्हा काही जमिनी सरकारी पडीक म्हणून लिहिल्या गेल्या, आणि एकदा सरकारी पडीक असे लिहिले गेले की ती जमीन कोणाला द्यायची हा केवळ कार्यालयीन निर्णय उरतो. जैसलमेर जिल्ह्यातील देगराय मातेच्या ओरणासाठी तिथले पशुपालक गेली काही वर्षे पायी यात्रा काढत आहेत, अर्ज करत आहेत, ते याचसाठी. त्यांचा वाद मुख्यतः सौर आणि पवन ऊर्जेच्या प्रकल्पांशी आणि त्यांच्या वीजवाहिन्यांशी आहे. पण दप्तरातली वाट एकच आहे. त्या वाटेने आज सौर पटल येते, उद्या औद्योगिक वसाहत आणि परवा विद्यापीठ येऊ शकते, आणि विद्यापीठाला तर विरोध करणाऱ्याचीच लोकांना लाज वाटते.

न्यायालयांनी या बाबतीत वेळोवेळी चांगले निवाडे दिलेले आहेत. राजस्थान उच्च न्यायालयाच्या जोधपूर पीठाने ऑगस्ट २००४ मध्ये अब्दुल रहमान यांच्या याचिकेवर निर्णय देताना तळी, नाले आणि त्यांची पाणलोट क्षेत्रे १५ ऑगस्ट १९४७ रोजी जशी होती तशी पूर्ववत करावीत, अशी भूमिका घेतली. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याविषयी सर्व राज्यांना आदेश दिले. आणि १८ डिसेंबर २०२४ रोजी न्या. भूषण गवई, न्या. एस. व्ही. एन. भट्टी आणि न्या. संदीप मेहता यांच्या पीठाने राजस्थानातील ओरणांचे जागेवर आणि उपग्रहाद्वारे सर्वेक्षण करून ती वन म्हणून अधिसूचित करण्याचे निर्देश दिले. ओरण किती मोठे आहे यापेक्षा ते कशासाठी राखले गेले आहे आणि लोकांच्या लेखी त्याचे मोल काय आहे यावरून त्याची ओळख ठरावी, हे त्या निकालातले सूत्र मला फार महत्त्वाचे वाटते. निवृत्त उच्च न्यायालयीन न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली पाच जणांची समिती नेमावी असेही त्यात आहे, आणि देशभरातील देवरायांसाठी केंद्राने धोरण आखावे अशी शिफारसही. अमरावतीच्या गवई साहेबांचे नाव त्या पीठावर असल्याने आपल्याकडच्या वृत्तपत्रांनी हा निकाल अधिक ठळकपणे छापायला हवा होता.

मात्र ‘वन’ या शिक्क्याची तिथल्या लोकांना भीतीही वाटते. कुंपण पडेल, चराई बंद होईल, डिंक आणि सांगरी वेचणाऱ्या बायकांना उद्या पावती मागितली जाईल, अशी ही भीती आहे आणि वनखात्याचा आजवरचा इतिहास पाहता ती अनाठायी नाही. ज्यांनी रान राखले त्यांनाच बाहेर ठेवून रान राखता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात सामुदायिक राखीव क्षेत्राची तरतूद आहे. तिचा उपयोग करून गावाकडेच व्यवस्थापन ठेवता येईल, आणि न्यायालयानेही तो मार्ग दाखवलेला आहे.

आता विद्यापीठांच्या परिसराकडे येतो. जोधपूरच्या आयआयटीची स्थापना २००८ साली झाली. पहिले वर्ग कानपूरला भरले, मग संस्था जोधपूर शहरातल्या तात्पुरत्या जागेत आली. नागौर रस्त्यावर करवडजवळ कायमच्या परिसराची पायाभरणी एप्रिल २०१३ मध्ये झाली, २०१७ मध्ये संस्था तिथे हलली आणि ५ ऑक्टोबर २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते तो परिसर राष्ट्राला अर्पण झाला. क्षेत्र ८५२ एकर. त्यातले सुमारे १८२ एकर तंत्रज्ञान उद्यानासाठी राखून ठेवलेले आहेत. या संस्थेने कोणाची जमीन बळकावली असे मी मुळीच म्हणत नाही. उलट, परिसर आखताना हवामानाचा विचार झाला आहे हे चालताना जाणवते. धुळीचे लोट अडवण्यासाठी मातीचे उंच बांध घातले आहेत, इमारती फार उंच नेलेल्या नाहीत आणि त्या एकमेकींना सावली देतील अशा बेताने जवळजवळ ठेवल्या आहेत. जोधपूरच्या जुन्या गल्ल्यांनी हेच पाचशे वर्षे केले. ज्येष्ठातल्या दुपारी मेहरानगडाखालच्या गल्लीतून चाललो तेव्हा रिक्षातळापेक्षा तिथे हवा बरीच सुसह्य होती, आणि त्यासाठी कोणी वीज जाळत नव्हते.

माझे म्हणणे एवढेच आहे की ८५२ एकर ही मोजणीवाल्याच्या दृष्टीने नुसती जागा नसून तेवढाच मोठा पाणलोट आहे. हिशेब करून पाहा. ८५२ एकर म्हणजे सुमारे ३४५ हेक्टर. त्यावर वर्षाला ३६० मिलिमीटर पाऊस पडला तर जवळजवळ १२४ कोटी लिटर पाणी त्या हद्दीत उतरते. परिसर होण्यापूर्वी हे पाणी कुठेतरी जात होते: काही वाळूत जिरत होते, काही वाफ होऊन उडत होते आणि काही उताराने कोणाच्या तरी नाडीकडे, कोणाच्या तरी शेताकडे वाहत होते. मरुभूमीत कोणताही मोठा परिसर आखताना हा पहिला नकाशा निघाला पाहिजे, आणि तो निविदेबरोबर जोडून लोकांना पाहता आला पाहिजे. रस्ते, वसतिगृहे, प्रयोगशाळा हे सगळे त्याच्यानंतर. आपल्या वास्तुविशारदांच्या आराखड्यांत झाडांचे हिरवे ठिपके पुष्कळ असतात, पण पाणी पूर्वी कुठून कुठे जात होते याची निळी रेघ क्वचितच दिसते.

त्या हिरव्या ठिपक्यांविषयीही थोडे बोलले पाहिजे, कारण मरुभूमी ‘हिरवी’ करण्याच्या हौसेची किंमत जोधपूरनेच मोजलेली आहे. विलायती बाभळीला, जिला आपण वेडी बाभूळ म्हणतो, जोधपूर संस्थानाने १९४० मध्ये शाही वृक्षाचा मान दिला होता. हेतू चांगला होता. जळण मिळावे, वाळू थांबावी. आज ती बाभूळ मारवाडभर माजली आहे आणि तिच्याखाली दुसरे काही उगवत नाही. मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी सुमारे ७० हेक्टर खडकाळ जमीन या बाभळीने व्यापली होती. किल्ल्याच्या विश्वस्त संस्थेने २००६ साली ती मोकळी करायला घेतली तेव्हा लक्षात आले की वरून छाटली तर ती दुप्पट जोमाने फुटते, आणि मुळे तर खडकाच्या भेगांत उतरलेली. शेवटी खंडवालिया समाजातले दगड फोडणारे कारागीर बोलावले. हातोडीने खडकावर ठोकून, आवाजावरून तो कुठे फुटेल हे त्यांना कळते. त्यांनी छिन्नी-हातोडीने एकेक मूळ काढले आणि त्याच खळग्यांत थोर, कुमट, केर, रोहिडा, गोंदी अशी इथलीच झाडे लावली गेली. वृक्षांचे अभ्यासक प्रदीप कृष्ण यांच्या देखरेखीखाली झालेले हे काम आज राव जोधा मरु-शिला उद्यान म्हणून पाहता येते. उद्यानात नेहमीच्या अर्थाने फुलबाग नाही, हिरवळ नाही; चैत्र-वैशाखात गेलात तर निम्मी झाडे वाळल्यासारखी दिसतील आणि तिकिटाचे पैसे फुकट गेले असे काहींना वाटेल. त्यांनी श्रावणात पुन्हा जावे.

या एकाच टेकडीवर जमिनीचे आणि इतिहासाचे रक्षण वेगळे काढता येत नाही, हे मला विशेष वाटते. ज्या खडकात ती झाडे उभी आहेत तो सुमारे ७५ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीचा आहे आणि किल्ल्याच्या पायथ्याचा तो भाग राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे. त्याच खडकात हाताने कोरून काढलेला पाट पावसाचे पाणी किल्ल्याखालच्या तळ्यांकडे नेत असे. म्हणजे दगड, झाड, पाणी आणि किल्ला या चारही गोष्टी एकाच दप्तरातल्या आहेत. आपल्या सरकारी व्यवस्थेत मात्र दगड खनिकर्म खात्याचा, झाड वनखात्याचे, पाणी जलसंपदेचे आणि किल्ला पुरातत्त्व खात्याचा किंवा विश्वस्तांचा. विद्यापीठाला जमीन देताना या चौघांपैकी किती जणांना बोलावले जाते हे विचारून पाहावे.

पाण्याच्या बाबतीत जोधपूरची एक हकीकत तर कोणाला सांगितली तर खोटी वाटेल. शेकडो वर्षे हे शहर बावड्या आणि झालऱ्यांच्या, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरींच्या, पाण्यावर जगले. नव्वदच्या दशकात इंदिरा गांधी कालव्याचे पाणी उपसा करून शहरापर्यंत आले, घरोघरी नळ आले आणि लोकांनी बावड्यांतून पाणी काढणे सोडले. मग बावड्यांत कचरा पडू लागला आणि जमिनीखालची पातळी चढत चढत जुन्या शहरातल्या तळघरांत पाणी शिरू लागले. वाळवंटातल्या शहरात दुकानाच्या तळघरातून पाणी उपसायला पंप बसवावे लागतात! सतराशे चाळीसच्या दशकातला तूरजी का झालरा गाळ काढून पुन्हा मोकळा केला गेला, तो पाहण्यासारखा आहे. तांबूस दगडाच्या पायऱ्यांवर संध्याकाळी पोरे बसलेली असतात आणि खाली नितळ पाणी. तो महाराजा अभयसिंह यांच्या राणीने बांधवला.

याच अभयसिंहांच्या कारकिर्दीत १७३० साली जोधपूरपासून काही कोसांवर खेजडली गावी जे घडले ते आपल्या बहुतेक वाचकांनी शाळेच्या पुस्तकात वाचले असेल. अमृतादेवी आणि तिच्या मुलींपासून सुरुवात होऊन ३६३ बिष्णोई स्त्री-पुरुषांनी खेजडीची झाडे कवटाळून प्राण दिले. पण ती झाडे कशासाठी हवी होती हे सहसा सांगितले जात नाही. राजवाड्याच्या बांधकामासाठी चुना भाजायचा होता आणि भट्टीला जळण लागत होते. म्हणजे भांडण बांधकामाचे होते. राजाला वाटले, त्या माळावरची झाडे कोणाचीच नाहीत. त्या काळी चुना होता, आता सिमेंट आहे. बांधकामाचे सामान फुकट मिळते आणि जमीन रिकामी आहे हा समज मात्र तोच राहिला आहे.

विद्यापीठाने मरुभूमीतल्या जमिनीचे काय करावे याचे एक उदाहरण मुलीमुळेच पाहायला मिळाले. ती पुढे अमेरिकेत ॲरिझोना राज्यात टूसॉन येथे शिकायला गेली, आणि तिथे शहराच्या पश्चिमेला टुमामॉक नावाची टेकडी आहे. ८६० एकरांची, म्हणजे जवळपास आपल्या जोधपूरच्या परिसराएवढीच. कार्नेगी संस्थेने १९०३ साली तिथे मरुभूमीच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा काढली, चारएक वर्षांत टेकडीला कुंपण घालून गुरे बाहेर काढली, आणि काही ठिकाणी खुणा करून तिथली झाडे मोजायला सुरुवात केली. सग्वारो नावाच्या त्या माणसाहून कितीतरी उंच निवडुंगांची मोजदाद तिथे शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. १९६० मध्ये ती जागा ॲरिझोना विद्यापीठाकडे आली. टेकडीच्या माथ्यावर मूळ रहिवाशांच्या पूर्वजांनी दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी रचलेल्या दगडी भिंती आहेत, आणि त्या मूळ रहिवाशांपैकी ओऽधम लोक ती टेकडी आजही आपली मानतात. विद्यापीठाने तिथे वसतिगृह बांधले नाही. सकाळ-संध्याकाळ शहरातली माणसे तिथल्या रस्त्याने फिरायला जातात. रस्ता सोडून आत जायचे नाही एवढाच नियम. मीही गुडघ्याला पट्टा बांधून माथ्यापर्यंत गेलो.

टूसॉन ज्या परगण्यात येते त्या पिमा परगण्याने १९९८ पासून संपूर्ण प्रदेशाचा एक मरुभूमी संरक्षण आराखडा हाती घेतला, त्याचे निमित्तही बोधप्रद आहे. तिथे एक बुटका पिंगळा असतो, मुठीत मावेल एवढा. १९९७ मध्ये तो संकटग्रस्त ठरवला गेला आणि घरबांधणीची कामे अडली. एका शाळेच्या इमारतीचा वाद तर थेट न्यायालयात गेला. दरवेळी एकेका इमारतीवरून भांडण्याऐवजी आधी पूर्ण प्रदेशाचा नकाशा करू, असे परगण्याने ठरवले. त्या आराखड्यात पक्षी-प्राण्यांच्या वाटा, ओढ्याकाठची जमीन, डोंगर, जुनी वस्तिस्थाने आणि गुराखी कुटुंबांची कुरणे हे सारे एकत्र धरले आहे. २००४ मध्ये मतदारांनी जमिनी विकत घेऊन राखण्यासाठी १७ कोटी ४० लाख डॉलरच्या रोख्यांना संमती दिली. त्यांच्याकडे पैसा आहे, आपल्याकडे नाही, असे यावर कोणी म्हणेल. ते खरे आहे. पण राजस्थानला ओरणे विकत घ्यायची नाहीत, ती आहेतच. फक्त दप्तरात लिहायची आहेत.

मरुभूमीत होऊ घातलेल्या प्रत्येक नव्या परिसराला माझी सूचना अगदी साधी आहे. पूर्ण क्षेत्राचा निदान आठवा-दहावा भाग कुंपण घालून जसा आहे तसा सोडावा, त्यात झाड लावूही नये आणि तोडूही नये, आणि दरवर्षी एकाच महिन्यात तिथे काय उगवले, कोण आले, पाणी कुठे थांबले याची नोंद विद्यार्थ्यांनी करावी. पहिली दहा वर्षे या वह्यांचा कोणाला उपयोग होणार नाही. पन्नासाव्या वर्षी त्यांच्यासारखे दप्तर देशात दुसरे नसेल. जोधपुरातच काझरी ही कोरडवाहू, शुष्क प्रदेशावर संशोधन करणारी केंद्रीय संस्था १९५२ पासून वाळूच्या टेकड्या स्थिर करण्यावर काम करते आहे. तिच्या अनुभवाची आणि तिच्याही चुकांची (परदेशी बाभळी आणण्यात तीही मागे नव्हती) शिदोरी हाताशी आहे. आणि जमीन ताब्यात घेण्यापूर्वी पटवाऱ्याचा नकाशा हातात घेऊन, गावातल्या दोन म्हाताऱ्या पशुपालकांना बरोबर ठेवून, पूर्ण हद्द एकदा पायी चालावी. याला खर्च जवळजवळ नाही. देवळ्या, म्हणजे वीरांच्या आणि सतींच्या स्मृतिशिळा, जुन्या बेऱ्या म्हणजे लहान विहिरी, टाकी, वाटा हे सगळे त्या एका फेरीत कागदावर येते. एकदा यंत्राने सपाटीकरण झाले की मग त्यांचा पुरावाही राहत नाही.

हे मी परप्रांताला शहाणपण शिकवण्यासाठी लिहितो आहे, असा समज होऊ नये. आपले घरही काचेचेच आहे. नोकरीत असताना एका तालुक्याच्या ठिकाणी एका शिक्षणसंस्थेच्या जागेची मोजणी माझ्याकडे आली होती. नकाशावर ओढा होता, नोंद पोटखराबा ‘ब’ अशी होती, म्हणजे सार्वजनिक उपयोगाची, लागवडीखाली न आणता येणारी जागा. मी ओढा दाखवून नकाशा दिला. चार वर्षांनी त्याच जागी क्रीडांगण झालेले पाहिले, आणि पुढच्याच मोठ्या पावसात ते पाणी वाट न मिळाल्याने शेजारच्या वस्तीत शिरले. नोंद बरोबर होती, पण ती वाचायची कोणाला गरज वाटली नव्हती.

आणि सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्याची गोष्ट तर आम्हा सोलापूरकरांची रोजची आहे. १९७९ मध्ये माळढोकासाठी सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे अभयारण्य कागदावर घोषित झाले, त्यात गावे, शेते, शहरे सगळे आले, लोक त्रासले, आणि पुढे ते कमी करत १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले. आधी अवास्तव रेघ, मग तिची छाटणी, आणि या गडबडीत जो माळ खरोखर पक्ष्याचा होता त्याची बारीक मोजणी राहूनच गेली. माझ्या लहानपणी वडील सायकलवर बसवून माळढोक दाखवायला नेत. आता एखादा दिसला तर बातमी होते. आज जगातले उरलेसुरले माळढोक, दीडशेच्या आसपास, मुख्यतः जैसलमेरच्या त्याच ओरणांत आणि गवताळ रानांत आहेत, ज्यांच्यासारख्या जमिनींना आपला लेख ओसाड म्हणतो. तिकडे त्याला गोडावण म्हणतात आणि तो राजस्थानचा राज्यपक्षी आहे.

आपल्याकडच्या देवरायांचा अभ्यास माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकातच करून ठेवलेला आहे, त्यामुळे त्या आहेत हे आपल्याला माहीत नाही असे म्हणण्याची सोय नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या दोन नोंदींची तरतूद १९६६ पासून आहे. गावच्या सामाईक जमिनीवर कोणाचा काय वहिवाटीचा हक्क आहे हे त्यात लिहायचे असते. किती गावांत ही दप्तरे आज अद्ययावत आहेत, हे आपल्या वार्ताहरांनी प्रत्येक जिल्ह्यात पाच-पाच गावे निवडून तपासावे अशी माझी विनंती आहे. वाचकांनाही हे करता येईल, कारण सातबारा आता घरबसल्या दिसतो. माझ्या आजोळी ओढ्याकाठी म्हसोबाची राई आहे. लहानपणी तिथून काटकी उचलायची आम्हाला बंदी होती. तिचा गट क्रमांक घालून मी मागच्याच आठवड्यात उतारा काढला. राईचा उल्लेख कोणत्याच रकान्यात नाही, क्षेत्रापुढे फक्त ‘पोटखराबा’ असे लिहिलेले आहे.

कळावे,

आपला विश्वासू,
एक निवृत्त भूकरमापक, सोलापूर